काटा बेल्ट, रंकाळ्यावरचा रुबाब आणि खिशातली कलेजी

कोल्हापुरात कुत्रं पाळायचं ते निम्मं स्वतःसाठी आणि निम्मं बघणाऱ्यांसाठी. म्हशीचं तसंच, बुलेटचं तसंच, चार लोकांनी थांबून लै भारी म्हटल्याशिवाय आपल्याला जेवण गोड लागत नाही. त्यात वाईट काही नाही, मलाही आवडतं कुणी आमच्या गुंड्याकडं बघून थांबलं की. पण हल्ली सकाळी रंकाळ्याच्या पदपथावर जे बघते ते बघून डोकं फिरतं, जर्मन शेफर्ड, रॉट, डॉबरमन, झालंच तर बिचारा लॅब सुद्धा, गळ्यात तो स्टीलचा आतून काटे असलेला पट्टा, आणि मालक ताठ मानेनं चाललेत. कुत्रं जरा पुढं गेलं की हिसका. परत गेलं, परत हिसका. मध्येच कुणी ओळखीचं भेटलं की पट्टा दाखवून कौतुक, "आता बघा कसं शेपूट घालून चालतंय".

शेपूट घालून चालतंय हे कौतुकाचं कधीपासनं झालं?

आमचा गुंड्या गावठी, कान एक उभा एक आडवा, आणि लहानपणी असा ओढायचा की मी फिरवते की तो मला फिरवतोय हे लांबून कळायचं नाही. तेव्हापासनं आजवर रंकाळ्याच्या टॉवरपासनं संध्यामठापर्यंत मला फुकट सल्ला मिळतोय, "ताई, काटा बेल्ट घ्या की, दोन दिवसात सरळ हुतंय बघा." सांगणारी माणसं वाईट नाहीत, त्यांना पेट शॉपवाल्यानं सांगितलेलं असतं, पेट शॉपवाल्याला ट्रेनरनं आणि ट्रेनरला व्हिडिओनं. परवा कागलहून जाऊबाईंचा फोन आला, त्यांच्या लेकानं शेफर्डचं पिल्लू आणलंय आणि त्याला हाच सल्ला मिळालाय, तर त्यांना सांगता सांगता चहा गार झाला म्हणून म्हटलं इथंच सगळं लिहून टाकावं, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी पट्ट्याचं. काटे बाहेरच्या बाजूला असलेला पट्टा आणि आतल्या बाजूला असलेला पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, काटे बाहेर, कारण बिबट्या मान धरतो. म्हणजे तो पट्टा कुत्र्याला वाचवायला. आपण विकत घेतो तो उलटा, ओढलं की कडी आवळते आणि टोकं गळ्यात रुततात. चोक चेनचं तेच, फक्त काट्याऐवजी फास. आणि कुत्र्याच्या गळ्यात काय काय असतं तर श्वासनळी, अन्ननळी, थायरॉइडची ग्रंथी, मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या, मानेचे मणके, सगळं त्या चार बोटांच्या जागेत. वर केस दाट दिसतात म्हणून आपल्याला वाटतं कातडी जाड असणार, तर कातडीचा वरचा थर कुत्र्याचा आपल्यापेक्षा पातळ असतो. २००६ साली एका अभ्यासात गळ्यातल्या पट्ट्यावर ताण देऊन कुत्र्यांच्या डोळ्यातला दाब मोजला होता, साधा पट्टा बरं का, काटेरी नव्हे, तर दाब वाढला. तोच ताण हार्नेसवर, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर, दिला तर वाढला नाही. पग किंवा शिह त्झू असलं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर मग विचारूच नका, त्याचा श्वास आधीच अर्धा, डोळे आधीच बाहेर.

कुणीतरी लगेच म्हणणार की आई नाही का पिल्लाला मानेला धरून दटावत, हे तसंच आहे. आई पिल्लाला धरते ते उचलून न्यायला, आणि दटावलं तरी क्षणभर, आणि तिला माहीत असतं का दटावलं ते. तासभर सलग गळ्यात लोखंड घालून कुठलीही आई पिल्लाला फिरवत नाही.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर काटा बेल्ट चालतो. नाही चालत म्हणणं खोटं आहे. घातल्या घातल्या ओढायचं कमी होतं, कारण दुखतं. प्रश्न असा की त्या दुखण्याची सांगड कुत्रं कशाशी घालतंय. आपल्याला वाटतं ते "ओढलं म्हणून दुखलं" असं शिकलं. पण समजा समोरनं दुसरं कुत्रं आलं, आपलं खुशीत पुढं झालं, आणि गळ्यात टोचलं. दुसऱ्या दिवशी परत कुत्रं, परत टोचलं. त्याच्या डोक्यात हिशोब असा बसतो की कुत्रं दिसलं की दुखतं. मग ते लांबनंच गुरगुरायला लागतं, तू जवळ येऊ नको म्हणून. मालक म्हणतो, बघा आता तर चावरं झालं, अजून जोरात हिसका. आता ते गुरगुरायचंही बंद करतं. सगळे म्हणतात वा सुधारलं. आणि एक दिवस काहीही आवाज न करता थेट चावतं आणि मग घरोघरी चर्चा, "अहो काही केलं नव्हतं, अचानक चावलं". अचानक काही नाही, त्याचा हॉर्न आपणच काढून घेतला होता.

यावर काम झालंय, नुसतं माझं मत नाही. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधली ९२ कुत्री बघितली, काही खाऊ देऊन शिकवणाऱ्यांकडची, काही हिसके, चोक, ओरडा वापरणाऱ्यांकडची. दुसऱ्या प्रकारात जांभया, ओठ चाटणं, अंग चोरून खाली बसणं ही ताणाची लक्षणं जास्त, आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही जास्त. पण मला त्यातली वाडग्याची गंमत जास्त आवडली. कुत्र्याला शिकवलं की वाडगं या बाजूला असलं की त्यात सॉसेज असतंय, त्या बाजूला असलं की रिकामं. मग वाडगं मधोमध ठेवलं. खाऊवाली कुत्री पळत गेली, असेल काहीतरी म्हणून. सगळ्यात जास्त हिसके खाल्लेली कुत्री मात्र रेंगाळत गेली, काय मिळणाराय आपल्याला, या हिशोबानं. घरी आल्यावर सुद्धा कुत्र्याचा स्वभाव तसाच राहत असेल तर कशाला पाळायचं सांगा.

त्यात ते अल्फाचं खूळ. कुत्र्याला कळलं पाहिजे बॉस कोण, आपण आधी जेवायचं, दारातनं आपण आधी जायचं, उलटं पाडून धरायचं, वगैरे. हे आलं लांडग्यांवरनं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या माणसानं पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास केला, एकमेकांना न ओळखणारे लांडगे एका जागी कोंडलेले, ते भांडले, आणि त्यातनं वरचा-खालचा नंबर निघाला. पुढं लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ते जगभर गेलं. मग याच मेकसाहेबांनी रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, अल्फा बिल्फा काही नाही, आपलं घर असतं तसं घर. ते पुस्तक छापायचं बंद करा म्हणून ते स्वतःच प्रकाशकाच्या मागं लागले होते. आता ज्यानं सांगितलं त्यानंच मागं घेतलं, पण आमच्याकडं गल्लीतल्या ट्रेनरला अजून निरोप पोचायचाय. आणि कुत्रं ओढतं ते तुमची खुर्ची घ्यायला नाही ओ, त्याला चार पाय आहेत, तुम्हाला दोन, त्याला नाक आहे आणि पुढच्या खांबाला कालपासनं दहा जणांनी निरोप ठेवलेत.

आणि जोर लावल्याशिवाय जनावर ऐकत नाही असं कोल्हापूरच्या माणसानं तरी म्हणू नये. दिवाळीच्या पाडव्याला बघा, शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलच्या मागनं धावतात. एवढं धूड, ना वेसण ओढलेली ना दावं ताणलेलं, नुसत्या हाकेवर. (ते सायलेन्सर काढून फटफट करतात ते मला अजिबात पटत नाही, पण तो वेगळा विषय.) ती म्हैस हाकेवर येते कारण रोज त्याच हाताची वैरण, त्याच हाताचं खाजवणं, त्याच आवाजाची सवय. गवळ्याला हे कुणी कोर्स करून शिकवलेलं नाही. मग त्याच्याच शेजारच्या बंगल्यातल्या लॅबला लोखंड का लागतं?

तर मग करायचं काय. सामान थोडंच लागतं.

रोज फिरवायला हार्नेस. पण कुठलाही नाही, छातीवर इंग्रजी वाय सारखा आकार असलेला, म्हणजे खांदे मोकळे राहतात. जो आडवा पट्टा खांद्यावरनं जातो तो घेऊ नका, चाल बिघडू शकते. जास्त ओढणारं कुत्रं असेल तर छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला घ्या, लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, तिथं अडकवायची, मग ते ओढायला गेलं की आपोआप तुमच्याकडं वळतं, तुम्हाला जोर लावायला लागत नाही. पाठीवर कडी असलेला लावला तर ते बैलगाडीसारखं छाती लावून ओढणार, मग येऊन सांगू नका की हार्नेसनं जास्तच ओढतंय. माप घेताना सगळीकडनं दोन बोटं आत गेली पाहिजेत, काखेत घासता कामा नये. पिल्लू असेल तर महिन्या महिन्याला तपासा, वाढतात ओ भराभर. गळ्यात साधा रुंद पट्टा असू दे, त्याला नावाचा आणि फोन नंबरचा बिल्ला, पण तो ओढायला नाही, हरवलं तर सापडायला.

कारवान किंवा मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं असणाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण आपल्या भागात, कागल, गडहिंग्लज, खाली मुधोळपर्यंत, ही कुत्री लै आहेत. त्यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा पट्टा डोक्यावरनं सटकन निघतो आणि एकदा निघाला की तुम्ही काय, बुलेटवाला सुद्धा धरू शकत नाही. म्हणून लोक आवळून बांधतात किंवा फासाची साखळी घालतात. त्याला मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो, रुंद कापडी, मागं छोटी कडी, ओढलं तर मानेच्या मापापर्यंतच घट्ट होतो, पुढं आवळत नाही, आणि ढिलं सोडलं की मोकळा. बसवायचा मात्र नीट मापानं, नाहीतर त्याचाही फासच होतो. माझ्या दिरांनी आपल्या चप्पल लाईनच्या ओळखीच्या कारागिराकडनं दोन इंची मऊ चामड्याचा करून घेतला, आतनं कापडाचं अस्तर, एवढा देखणा झालाय की रुबाबाचा प्रश्नही मिटला. भरपूर लोक थांबून बघतात, कुठनं केला विचारतात.

तोंडावरनं जाणारा हेड हॉल्टर पण असतो, मोठं कुत्रं आणि बारक्या अंगाचा माणूस असेल तर उपयोगाचा आहे, पण त्याची सवय आधी घरात खाऊ देत देत करावी लागते आणि त्याला हिसका अजिबात द्यायचा नाही, मान मुरगळते. सरळ घालून बाहेर काढलं तर कुत्रं रस्त्यात लोळून काढून टाकतं, बरोबरच आहे त्याचं.

पण खरं सामान हे खिशात असतं. हार्नेस नुसता गळा वाचवतो, शिकवत काही नाही, शिकवायचं आपल्याला. मी कोंबडीची कलेजी उकडून शेंगदाण्याएवढे तुकडे करून डबीत घेते, कधी उकडलेलं अंडं, कधी पनीर, घरच्या घरी सराव असेल तर चिरमुरे सुद्धा चालतात आमच्याकडं. मीठ मसाला नको. तांबड्या पांढऱ्यातला पीस तर अजिबात नको, कांदा लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. आणि बेदाणे! तासगाव जवळ असल्यामुळं प्रत्येक घरात बेदाण्याचा डबा असतोय आणि पोरं मायेनं देतात, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी खराब करतात, एकही देऊ नका. चॉकलेट तर माहीतच असेल.

पद्धत अशी. कुत्रं तुमच्या शेजारी आलं, लीश ढिली पडली, त्याच क्षणी एक ठरलेला शब्द, आम्ही "शाब्बास" म्हणतो, आणि लगेच तुमच्या पायाशी तुकडा. लगेच म्हणजे लगेच, खिशात चाचपडत बसलात तर तोपर्यंत ते परत पुढं जाऊन त्यालाच बक्षीस समजतं. ओढलं की झाडासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही, हिसका नाही. वळून बघितलं, लीश ढिली झाली, शाब्बास, चला. पहिले काही दिवस तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत पण पोचणार नाही आणि शेजारचे काका गॅलरीतनं विचारणार काय झालं, उभ्या का. उभं राहायचं. सुरुवात घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या गल्लीत, आणि रंकाळा चौपाटी सगळ्यात शेवटी. आमच्याकडचे लोक पहिल्याच दिवशी रविवारच्या गर्दीत नेतात, भेळेचा वास, फुगेवाले, भटकी कुत्री, पळणारी पोरं, आणि वर म्हणतात ऐकतच नाही. पहिलीतल्या पोराला थेट दहावीच्या पेपरला बसवलंय तुम्ही.

आणि वास घेऊ द्या. फिरणं म्हणजे आपल्या स्टेप्स पूर्ण करणं नव्हे. निम्मा वेळ नीट चालायचं, निम्मा वेळ त्याच्या नाकाचा. मी तर वास घेणं हेच बक्षीस म्हणून वापरते, चार पावलं ढिल्या लीशवर आलास की जा त्या खांबाकडं. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला किंवा कुणाच्या मळ्यात मोकळी जागा मिळाली तर दहा मीटरची लांब दोरी हार्नेसच्या मागच्या कडीला लावून सोडा, हाक मारा, आलं की तीन चार तुकडे एकदम. गळ्याला मात्र लांब दोरी कधीच नाही, पळत जाऊन टोकाला झटका बसला की मानेचं काय होईल सांगायला नको. उन्हाळ्यात सकाळी सहा किंवा रात्री, डांबर तापतं, हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून बघा.

भटकी कुत्री अंगावर येतात त्याचं काय, हा प्रश्न सगळ्यांचा. मी तुकडे त्यांच्या बाजूला लांब भिरकावते आणि गुंड्याला घेऊन आडव्या रस्त्यानं निघते. आपलं कुत्रं लांबनं बघूनच ताठ होत असेल तर अंतर वाढवा, जेवढ्या अंतरावर ते खाऊ घेऊ शकतंय तेवढ्यावर थांबा, कुत्रं दिसलं की तुकडा, दिसलं की तुकडा. वर लिहिलेला काटा बेल्टचा हिशोब इथं उलटा करायचाय, दुसरं कुत्रं दिसलं की चांगलं काहीतरी होतं. वेळ लागतो, थोडं थोडं अंतर कमी होतं. गणपतीतल्या डॉल्बीच्या दिवसात मात्र शिकवायच्या भानगडीत पडू नका, पंखा जोरात, खिडक्या बंद, आणि घरात चघळायला काहीतरी.

शॉकच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात, कारण हल्ली ऑनलाइन सहज मिळतात आणि "भुंकणं बंद" असं लिहिलेलं असतं. भुंकलं की गळ्यात करंट. वेल्समध्ये २०१० पासनं त्यावर बंदी आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं ६३ कुत्र्यांवर बघितलं, शॉकवाल्या ट्रेनरांनी शिकवलेली आणि नुसत्या खाऊनं शिकवलेली, हाकेला येण्यात खाऊवाली जराही मागं नव्हती, उलट पुढंच. म्हणजे करंट देऊन जास्तीचं काहीच मिळत नाही. डॉल्फिनला शिट्टी आणि माशावर उड्या मारायला शिकवतात, पाण्यातल्या जनावराच्या गळ्यात काय बांधणार. आणि कुत्रं का भुंकतंय ते बघा ना आधी, दिवसभर गच्चीवर बांधून ठेवलं तर मी पण भुंकेन. तसं बांधून ठेवणं आपल्याकडं कायद्यानं गुन्हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीनं वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दंड मात्र पहिल्यांदा दहा ते पन्नास रुपये, १९६० च्या भावानं. एक मिसळ पण येत नाही त्यात.

ट्रेनर लावणार असाल तर लावा, चांगले आहेत, माझ्या ओळखीत आहेत. पण कार्ड छापलं की ट्रेनर झाला अशी परिस्थिती आहे, म्हणून पैसे द्यायच्या आधी सरळ विचारा, कुत्र्यानं बरोबर केलं की काय करता आणि चुकलं की काय करता. दुसऱ्या प्रश्नाला "कंट्रोल दाखवावा लागतो" असं गोल उत्तर आलं की चहा पाजून वाटेला लावा. तुमच्यासमोर शिकवायला तयार नसेल, कुत्रं महिनाभर आमच्याकडं सोडा म्हणत असेल, तरीही नाही. महिन्यानं परत आलेलं कुत्रं त्याचं ऐकतं, तुमचं नाही, आणि तिकडं काय झालं ते कुत्रं सांगू शकत नाही.

जाऊबाईंनी शेवटी विचारलं, वहिनी किती दिवस लागतील. मी म्हटलं बाई, पिल्लू आहे, सुरुवातीला रोज दोन वेळा पाच पाच मिनिटं, आणि भावोजींना सांगा मित्र घरी आले की त्यांच्यासमोर दाखवायला लावू नका. यावर त्या एवढ्या हसल्या, कारण भावोजी नेमकं तेच करत होते.

एक राहिलंच. नीट असलेलं कुत्रं अचानक चिडकं झालं, हात लावू देईना, फिरायला नको म्हणायला लागलं, तर ट्रेनर नाही, हार्नेस नाही, आधी जनावरांचे डॉक्टर. कानात बघा, दातात बघा, पायाच्या बोटांमध्ये गोचीड बघा, मोठ्या कुत्र्याचे सांधे दाखवा. आपल्याकडं गोचिडाचा ताप वर्षभर असतो, आणि ताप अंगात असलेल्या कुत्र्याला शिस्त लावणारी माणसं मी बघितलेली आहेत.